पापाचा वारसा आणि माउसची टिचकी : ‘गॅब्रिएल नाइट’विषयी खेळाडूंची मते

खेळ कोणता

‘गॅब्रिएल नाइट : सिन्स ऑफ द फादर्स’ हा संगणकावरचा साहसखेळ सिएरा ऑन-लाइन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये बाजारात आणला. कथा आणि रचना जेन जेन्सन यांची, संगीत रॉबर्ट होम्स यांचे. नायक गॅब्रिएल नाइट न्यू ऑर्लिन्सच्या फ्रेंच क्वार्टर भागात दुर्मिळ पुस्तकांचे दुकान चालवतो. दुकानाला गिऱ्हाईक नाही आणि त्याने लिहिलेल्या कादंबऱ्यांना वाचक नाही. शहरात वूडू या धर्मपरंपरेच्या खुणा मागे ठेवून खून पडू लागतात. पोलिसांत असलेला त्याचा जुना मित्र मोझली याच्या ओळखीवर गॅब्रिएल तपासाची माहिती गोळा करू लागतो, तीही नव्या कादंबरीसाठी. दहा दिवसांत हा शोध त्याला बव्हेरियातल्या एका जुन्या गढीत आणि तिथून आफ्रिकेत नेतो, आणि शोध घेणाऱ्याचे घराणेच शोधाचा विषय होऊन बसते. तीस वर्षे उलटली तरी या खेळाबद्दल खेळाडूंचे एकमत झालेले नाही. मतभेदाच्या जागा तपासल्या की खेळाची बांधणीही उलगडते, कारण ज्या भागाची सर्वांत जास्त स्तुती होते, बहुतेक वेळा त्याच भागाबद्दल सर्वांत जास्त तक्रार असते.

गॉथिक रहस्य

गॉथिक कथेचा आरंभ सामान्यतः होरेस वॉलपोल यांच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) या कादंबरीपासून मानला जातो. जुना वाडा, तळघर, वंशावळ, दुःस्वप्न, अर्धवट उमगणारे भाकीत ही तिची ठरलेली सामग्री. सामग्रीपेक्षा महत्त्वाचा आहे तो तिच्यातला कार्यकारणभाव : पूर्वजाने केलेले पाप वंशजाला फेडावे लागते. वॉलपोल यांनी प्रस्तावनेतच हा बोध नोंदवला होता; जेन्सन यांनी तोच खेळाच्या नावात घेतला. साध्या रहस्यकथेत गुन्हा ताजा असतो आणि शोधणारा त्याच्याबाहेर उभा असतो. गॉथिक रहस्यात गुन्हा जुना असतो आणि शोधणारा रक्ताच्या नात्याने त्यात गुंतलेला असतो. त्याला हे सर्वांत शेवटी कळते.

या खेळात ते आडनावापासूनच पेरलेले आहे. ‘नाइट’ हा ‘रिटर’ या जर्मन आडनावाचा इंग्रजी अनुवाद. गॅब्रिएलच्या आजोबांनी अमेरिकेत आल्यावर नाव बदलले. रिटर घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले पद ‘शाटेनयेगर’ असे आहे, म्हणजे छायांची शिकार करणारा. शहराची निवडही या कथाप्रकाराला साजेशी आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये जमिनीखाली थोडे खणले तरी पाणी लागते, आणि जमिनीवर थडगी बांधण्याची फ्रेंच-स्पॅनिश चालही तिथे रुजलेली. त्यामुळे तिथली दफनभूमी म्हणजे छोट्या दगडी घरांचे एक गावच दिसते. वाडा आणि तळघर शोधायला तिथे कल्पनेची फारशी गरज पडत नाही.

खेळण्याची रीत

पडद्यावर चित्र असलेल्या साहसखेळांची सुरुवात १९८० च्या ‘मिस्टरी हाउस’पासून झाली, तोही सिएराचाच, रॉबर्टा विल्यम्स यांनी रचलेला. त्या काळी आज्ञा कळफलकावर शब्दांत टंकाव्या लागत. पुढे माउस आला आणि शब्दांची जागा चिन्हांनी घेतली. सिएराच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ मालिकेत हा बदल १९९० मध्ये पाचव्या भागात झाला. त्याच मालिकेचा सहावा भाग (१९९२) जेन्सन यांनी रॉबर्टा विल्यम्स यांच्याबरोबर लिहिला, आणि त्यानंतर त्यांना स्वतःचा खेळ रचायला मिळाला. पॉइंट-अँड-क्लिक खेळात हाताची चपळाई लागत नाही. स्थिर चित्रातल्या एखाद्या जागेवर टिचकी मारायची, वस्तू उचलायची, ती दुसऱ्या वस्तूवर वापरून पाहायची, माणसांना प्रश्न विचारायचे, एवढीच साधने. भीती किंवा उत्कंठा निर्माण करायची तर ती याच संथ हालचालींतून करावी लागते. ‘गॅब्रिएल नाइट’वरच्या जवळजवळ प्रत्येक मतभेदाचे मूळ या संथपणात सापडते.

आठ कर्सर

चालणे, पाहणे, बोलणे, चौकशी करणे, उचलणे, उघडणे, चालवणे, सरकवणे : अशा प्रत्येक क्रियेसाठी खेळात वेगळा कर्सर आहे. दार उघडायला ‘उघडणे’ लागते, यंत्राला ‘चालवणे’, गालिच्याला ‘सरकवणे’. नव्या खेळाडूंना हे जाचक वाटते. एका टिचकीत जे व्हायला हवे त्यासाठी चार प्रकार करून पाहावे लागतात, आणि योग्य वस्तूवर चुकीचा कर्सर पडला तर ती वस्तू निरुपयोगी आहे असा गैरसमज होतो. ही तक्रार रास्त आहे. जुन्या खेळाडूंचे उत्तर असे की क्रिया निवडावी लागते म्हणून आधी विचार करावा लागतो. एकच कर्सर असेल तर पडदाभर टिचक्या मारत सुटणे हीच खेळण्याची पद्धत होऊन बसते. दोन्ही बाजूंनी अनुभव सांगितला जातो तो एकाच गोष्टीचा. ‘बोलणे’ आणि ‘चौकशी करणे’ यांतला भेद मात्र निःसंशय उपयुक्त आहे. बोलणे म्हणजे उभ्याउभ्या केलेली दोन वाक्ये. चौकशी म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर समोरासमोर आलेले दोन चेहरे आणि विषयांची यादी : खून, वूडू, घराणे, कुणा व्यक्तीचे नाव. तपासात नवा दुवा मिळाला की यादीत नवा विषय उमटतो. हे संवाद ध्वनिमुद्रित होतात आणि टेपरेकॉर्डरवर पुन्हा ऐकता येतात. कोण कोणत्या दिवशी काय म्हणाले होते हे उलट तपासण्याची सोय असलेले खेळ त्या काळी विरळाच होते.

दहा दिवस

खेळ दहा दिवसांत विभागलेला आहे, पण दिवसाचा घड्याळाशी संबंध नाही. ठरलेली कामे पुरी झाली की दिवस संपतो. ती होईपर्यंत उन्हाचा कवडसाही हलत नाही. रोजची सकाळ सारखीच सुरू होते. गॅब्रिएल दुःस्वप्नातून उठतो, दुकानात येऊन कॉफी ओततो, वर्तमानपत्र चाळतो आणि मदतनीस ग्रेस नाकामुरा हिला काही निरोप आहे का ते विचारतो. मग जॅक्सन स्क्वेअर, पोलीस ठाणे, वूडू संग्रहालय, आजीचे घर, दफनभूमी. फिरायच्या जागा बऱ्याचशा त्याच.

या रचनेवर सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार ‘आता करायचे काय’ ही आहे. दहापैकी नऊ कामे झालेली असतात, दहावे कोणते ते समजत नाही आणि खेळाडू सर्व जागा पुन्हा पालथ्या घालतो. पण याच रचनेतून खेळाचा सर्वांत बारीक परिणाम साधला जातो. जागा त्याच असल्यामुळे त्यांतला बदल डोळ्यांत भरतो. काल चौकात बसलेला माणूस आज नाही. काल कबरीवर नसलेली खूण आज आहे. कालपर्यंत चेष्टा करणाऱ्या ग्रेसच्या आवाजात आज काळजी आहे. धावत्या खेळात असा बदल कुणाच्या लक्षातही आला नसता. आणखी एक गोष्ट : सिएराचे आधीचे खेळ क्षणोक्षणी नायकाला मारण्याबद्दल प्रसिद्ध होते, पण इथे पहिले काही दिवस मृत्यूचा धोका जवळजवळ नाही. तो उत्तरार्धात येतो. ज्या खेळाडूला आपण सुरक्षित आहोत याची सवय झालेली असते त्याला तो धोका चांगलाच झोंबतो.

कबरीवरची लिपी

कोड्यांविषयी मत विचारले तर बहुतेक खेळाडू आधी सेंट लुई दफनभूमी क्रमांक १ मधल्या मारी लाव्हो हिच्या कबरीकडे वळतात. एकोणिसाव्या शतकातली ही न्यू ऑर्लिन्सची प्रसिद्ध वूडू पुरोहितीण १८८१ मध्ये वारली. तिच्या मानल्या जाणाऱ्या कबरीवर फुल्या मारून नवस बोलण्याची रीत प्रत्यक्षातही होती. जेन्सन यांनी त्या खुणांना लिपी बनवले.

खेळात कबरीच्या भिंतीवर काही चिन्हे दिसतात. गॅब्रिएल ती वहीत उतरवून घेतो. काही दिवसांनी तिथे वेगळी चिन्हे असतात, म्हणजे भिंत ही कुणाची तरी निरोपाची पाटी आहे. पहिल्या मजकुराचा अर्थ वूडू जाणणाऱ्या व्यक्तीकडून कळतो, आणि त्यावरून कोणते चिन्ह कोणत्या अक्षराचे हे जुळवता येते. इथपर्यंत हे नेहमीच्या गुप्तलिपीचे कोडे आहे. पुढची पायरी वेगळी. आता गॅब्रिएलने त्याच लिपीत स्वतः खोटा निरोप लिहायचा असतो : ‘डीजे’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या माणसाने ‘सेके मादूले’ घेऊन यावे. सेके मादूले ही विधीत वापरली जाणारी शवपेटी. ती संग्रहालयात ठेवलेली आहे आणि गॅब्रिएलने तिच्यात ठावठिकाणा सांगणारे यंत्र आधीच दडवलेले असते. पेटी हलली की दलदलीतली गुप्त सभा सापडणार.

या कोड्याची स्तुती करणारे सांगतात की यात खेळाडू दुसऱ्याने ठेवलेले कुलूप उघडत नाही. तो शत्रूची भाषा शिकतो आणि तिच्यात खोटे बोलतो. गुप्तहेराचे काम याहून नेमके दाखवणारे कोडे साहसखेळांत क्वचितच आढळते. तक्रार करणारे सांगतात की निरोपात नेमके कोणते शब्द हवेत हे ओळखणे जवळपास अशक्य आहे. अर्थ तोच ठेवून शब्द बदलले तर खेळ ते मान्य करत नाही. दोघांचेही बरोबर आहे. कल्पना मोकळी आहे आणि तिची तपासणी करणारा संगणक कडक. मनुष्याने लिहिलेला मजकूर अर्थाने समजून घेणे १९९३ च्या खेळाला शक्य नव्हते. एकच उत्तर मान्य करणे एवढाच मार्ग होता. तरीही हे कोडे ‘गॅब्रिएल नाइट’ मालिकेतले सर्वोत्तम आहे असे माझे मत आहे. स्वतःच्या हाताने अक्षरे जुळवून लिहिलेला निरोप दुसऱ्या कुणी खरा मानला, हे कळताना जो थरार होतो तो संवाद वाचून मिळत नाही.

मूकाभिनेता आणि पोलीस

याच्या उलट टोकाला जॅक्सन स्क्वेअरमधले कोडे. चौकाच्या एका कडेला पोलीस आपल्या मोटरसायकलजवळ उभा आहे. गाडीवर रेडिओ आहे. चौकात एक मूकाभिनेता वाटसरूंच्या मागे मागे जाऊन त्यांच्या चालीची नक्कल करतो. गॅब्रिएलने त्याच्याजवळून जायचे, तो मागे लागला की त्याला पोलिसापर्यंत आणायचे. नक्कल झालेला पोलीस चिडून त्याच्यामागे धावतो, आणि तेवढ्या वेळात रेडिओवरून हवी ती माहिती मिळते. काही खेळाडूंना हा प्रकार खेळाच्या गंभीर वातावरणात बसत नाही. काहींना मात्र यातले निरीक्षण आवडते : रस्त्यावरचा कलावंत, पर्यटकांची गर्दी, कंटाळलेला पोलीस या न्यू ऑर्लिन्सच्या चौकातल्याच गोष्टी आहेत आणि कोडे त्यांच्या स्वभावावर उभे आहे. आधी मूकाभिनेत्याला नुसते पाहिलेले असले तर उत्तर सुचते. सुचले नाही तर चौकाच्या चित्रात तासभर भटकंती होते.

आवाज

सीडी-रॉम आवृत्तीत सर्व संवाद बोलले जातात. गॅब्रिएल : टिम करी. ग्रेस : लिया रेमिनी. मोझली : मार्क हॅमिल. संग्रहालयाचे डॉ. जॉन : मायकेल डॉर्न. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवरची एवढी परिचित नावे एका खेळासाठी एकत्र येणे तेव्हा नवे होते. हॅमिल आणि डॉर्न यांच्याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे करी यांच्याबद्दल. ते ब्रिटिश नट. त्यांनी लुईझियानाच्या दक्षिणी बोलीचा हेल काढला आहे, तो मुद्दाम ओढलेला आणि मधाळ. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कानांना तो खोटा वाटतो. दुसऱ्या अनेकांना त्या आवाजाशिवाय गॅब्रिएलची कल्पनाच करता येत नाही, कारण स्त्रियांशी लाडीगोडी करणारा, आळशी, स्वतःवर खूश असलेला माणूस त्या हेलातूनच उभा राहतो.

निवेदिकेबद्दलचे मत याहून टोकाचे आहे. व्हर्जिनिया केपर्स या रंगभूमीवरच्या ज्येष्ठ कृष्णवर्णीय अभिनेत्री. ‘रेझिन’ या संगीतनाटकासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळालेला. त्यांनी प्रत्येक वस्तूचे वर्णन जाड, सावकाश, क्रिओल वळणाच्या उच्चारात केले आहे. खुर्चीवर ‘पाहणे’ टिचकले की खुर्चीबद्दल, दारावर टिचकले की दाराबद्दल. घाईतल्या खेळाडूला हा आवाज नकोसा होतो. पण खेळात निवेदन करणारी ही कोण, हा प्रश्न विचारला तर दुसरी बाजू दिसते. गॅब्रिएलची प्रत्येक हालचाल सांगणारा आवाज त्याचा नाही. त्या शहराचा, किंवा ज्या लोकांचा इतिहास तो विसरला आहे त्यांचा तो आवाज आहे. नायकाला जे ठाऊक नाही ते निवेदिकेला ठाऊक असल्याचा भास सतत राहतो. गॉथिक कथेसाठी याहून योग्य निवड करता आली नसती.

संगीत

संगीताबद्दल तक्रार जवळपास नाही. होम्स यांच्या स्वररचना त्या काळच्या ध्वनिकार्डांसाठी मिडी पद्धतीने बांधलेल्या होत्या. मुख्य धून पियानोवर वाजवून पाहणारे चाहते अजून आहेत.

गॅब्रिएल आणि ग्रेस

गॅब्रिएल सज्जन नाही. तो मित्राच्या ओळखीचा गैरफायदा घेतो, आजीकडे पैसे मागतो, प्रत्येक तरुणीशी लगट करतो आणि ग्रेसशी बोलताना हलक्या दर्जाचे विनोद करतो. आजच्या खेळाडूंपैकी अनेकांना हे विनोद शिळे आणि ग्रेसवर अन्याय करणारे वाटतात, आणि ते वाटणे योग्य आहे. त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येते की ग्रेस त्याला एकही वाक्य फुकट जाऊ देत नाही. दुकान ती चालवते, संशोधन ती करते, निरोप ती ठेवते. पुढच्या भागात जेन्सन यांनी तिला पूर्ण नायिका केले आणि अर्धा खेळ तिच्या हाती दिला. दोषांसह लिहिलेला नायक १९९३ च्या साहसखेळांत दुर्मिळ होता, आणि गॉथिक कथेला असाच नायक लागतो. ज्याचे घराणे निष्कलंक आणि ज्याचा स्वभाव निर्दोष, त्याला वारशाने आलेले पाप कसे चिकटणार?

वूडू : माहिती आणि आक्षेप

खेळातला सर्वांत गंभीर वाद इथे आहे, आणि तो समजायला थोडा इतिहास आवश्यक आहे. वूडू ही पश्चिम आफ्रिकेतून, विशेषतः आजच्या बेनिन देशाच्या परिसरातून, गुलाम म्हणून नेलेल्या लोकांची धर्मपरंपरा. सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, ती कॅथलिक संतांच्या उपासनेशी मिसळली. तिथल्या क्रांतीनंतर परागंदा झालेल्या कुटुंबांपैकी ९,००० हून अधिक माणसे १८०९-१० मध्ये क्यूबामार्गे न्यू ऑर्लिन्सला पोहोचली. त्यांत गोरे मालक, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम असे तिन्ही होते. शहराच्या वूडूला त्यांच्यामुळे नवे बळ आले.

खेळात ही माहिती मोठ्या प्रमाणात येते. विद्यापीठातला प्राध्यापक व्याख्यान देतो, संग्रहालयात वस्तूंच्या पाट्या वाचता येतात, दुकानदार आणि भक्त आपापले मत सांगतात. पर्यटकांना विकले जाणारे वूडू, घराघरांतली श्रद्धा आणि खुनांमागची गुप्त टोळी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत हे पात्रे वारंवार बजावतात. हा खेळ खेळून वूडूवरची पुस्तके शोधू लागलो असे सांगणारे खेळाडू पुष्कळ आहेत. जेन्सन यांचा अभ्यास पावलोपावली दिसतो. काहींना तो जास्तच दिसतो आणि संवादांची लांबी खुपते.

आक्षेप असा की एवढे बजावूनही कथेचा कळस नरबळी, मुखवटे आणि रक्त यांवरच येतो. सांगितले एक जाते आणि पडद्यावर दिसते दुसरे. शिवाय खलपक्ष कृष्णवर्णीयांचा आणि त्यांचा पाडाव करणारा गोऱ्या घराण्याचा वारस, ही मांडणी चित्रपटांनी झिजवलेली आहे. या आक्षेपाला खेळाच्या आतूनच काही उत्तर मिळते, ते नावात आहे. पाप आहे ते रिटर घराण्याच्या पूर्वजाचे. सतराव्या शतकात त्याने एका गुलाम स्त्रीचा विश्वासघात केला आणि तिला जिवंत जाळले जाऊ दिले. आजचा सूड तिथून निघाला. म्हणजे कथा दोष वाटताना गोऱ्या घराण्याला मोकळे सोडत नाही. पण उत्तर पुरेसे आहे का? माझ्या मते नाही. अन्याय सोसणारी स्त्री कथेत सूडाची शक्ती म्हणून उरते, माणूस म्हणून फार थोडी. तिची वंशज मालिया गेडे हीच तेवढी दोन्ही बाजूंनी ओढली जाणारी व्यक्ती आहे, आणि तिच्या वाट्याला आलेली दृश्ये हवी होती त्याहून कमी आहेत.

उत्तरार्ध

बव्हेरिया आणि आफ्रिका या भागांबद्दल खेळाडूंचे मत साधारण सारखे आहे : न्यू ऑर्लिन्स सुटले की पकड सैल होते. शहरात फिरायला पुष्कळ जागा, बोलायला पुष्कळ माणसे. गढीत मोजक्या खोल्या, आफ्रिकेत एक भुयारी टेकडी आणि काही वेळ साधून करायच्या हालचाली. तिथे मृत्यूही अचानक येतात.

पुढचे दोन भाग आणि मिशी

दुसरा भाग ‘द बीस्ट विदिन’ (१९९५) खऱ्या नटांचे चित्रण करून बनवला; तो सहा सीडींवर आला. कथा बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा आणि लांडग्याचे रूप घेणारी माणसे यांच्याभोवती फिरते. अनेक खेळाडू मालिकेतला हाच भाग श्रेष्ठ मानतात. तिसरा, ‘ब्लड ऑफ द सेक्रेड, ब्लड ऑफ द डॅम्ड’ (१९९९), त्रिमितीय आहे आणि फ्रान्समधल्या रेन-ले-शातो या गावात घडतो. पवित्र पात्राची जी कल्पना ‘द दा विंची कोड’ने २००३ मध्ये घरोघरी नेली, ती चार वर्षे आधी या खेळात येऊन गेली होती.

तिसऱ्या भागाचे नाव मात्र एका मांजरामुळे कायमचे बदनाम झाले. गॅब्रिएलला मोझलीच्या नावावर राखून ठेवलेली मोटरसायकल हवी असते. त्यासाठी फटीला चिकटपट्टी लावायची, मांजरावर पाणी उडवून त्याला त्या फटीतून पळवायचे, पट्टीवर अडकलेल्या केसांची पाकाने चिकटवून मिशी करायची. मोझलीला मिशी नाही. म्हणून त्याच्या पारपत्रावरच्या छायाचित्रातही मिशी काढायची. २००० मध्ये खेळांवर लिहिणारे एरिक वोलपॉ यांनी या कोड्यावर लिहिलेला लेख साहसखेळांच्या ऱ्हासाचे निदान म्हणून आजही उद्धृत होतो. तिसऱ्या भागातच ‘ल सेर्पां रूज’ ही दीर्घ कोड्यांची साखळी आहे, नकाशा, भूमिती आणि काव्य यांवर बांधलेली. तिला जाणकार खेळाडू या प्रकारातल्या उत्कृष्ट कामांत गणतात. मिशी आणि ती साखळी एकाच खेळात आहेत, हे फार थोडे लोक एका दमात सांगतात. पहिल्या खेळाबद्दल मत देतानाही ही मिशी अनेकदा त्याच्या माथी मारली जाते. तिचा आणि पहिल्या भागाचा काही संबंध नाही.

२०१४ ची आवृत्ती

जेन्सन आणि होम्स यांच्या पिंकर्टन रोड या स्टुडिओने फीनिक्स ऑनलाइनबरोबर पहिल्या भागाची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०१४ मध्ये काढली. चित्रे नव्याने रंगवलेली, पात्रे त्रिमितीय, संगीत नव्या साजात. आठ कर्सर गेले आणि टिचकी मारल्यावर शक्य त्या क्रियांची चिन्हे समोर येऊ लागली. नोंदवही आणि पायरीपायरीने उघडणाऱ्या सूचना आल्या, त्यामुळे ‘आता करायचे काय’ या तक्रारीचे बरेचसे निरसन झाले. काही कोडी बदलली. आवाज मात्र नवे आहेत. करी, हॅमिल, केपर्स त्यात नाहीत. पात्रांची हालचाल ताठर वाटते ही तक्रार सार्वत्रिक आहे आणि ती खरी आहे. मूळ खेळात ३२० गुणिले २०० बिंदूंच्या चित्रात जे अंधुक राहत असे, ते नव्या आवृत्तीत लख्ख दिसते. गॉथिक कथेत अंधुकपणाचे मोल मोठे असते. पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी नवी आवृत्ती सोयीची. पण आवाज आणि सावल्या यांसाठी मूळ सीडी आवृत्तीच घ्यावी लागते.

आजच्या संगणकावर

मूळ खेळ डॉस आणि जुन्या विंडोजसाठी होता. आज तो स्कमव्हीएम या मुक्त प्रणालीवर चालतो. जलद संगणकांवर जुन्या खेळांचे काही प्रसंग वेळेबाहेर पळत, तो दोषही तिथे आवरला जातो. दिवस संपण्याआधी वेगवेगळ्या नावांनी खेळ जतन करून ठेवणे ही जुन्या खेळाडूंची सवय इथेही उपयोगी पडते. तळ्याकाठच्या गवतातला सापाचा खवला भिंग घेतल्याशिवाय सापडत नाही, आणि तो ज्या दिवशी लागतो त्या दिवशी भिंग दुकानातच राहिलेले असू शकते.

प्रत्यक्ष स्थळे

खेळातले जॅक्सन स्क्वेअर, सेंट लुई कॅथेड्रल, नेपोलियन हाउस ही ठिकाणे न्यू ऑर्लिन्समध्ये आहेत आणि चाहते खेळातली चित्रे आठवत तिथे फिरतात. मारी लाव्होच्या कबरीची स्थिती बदलली. डिसेंबर २०१३ मध्ये कुणीतरी ती गुलाबी रंगाने रंगवून टाकली. रंग काढताना मूळ गिलाव्याला धक्का बसल्यामुळे २०१४ मध्ये तिची सबंध डागडुजी करावी लागली. मार्च २०१५ पासून दफनभूमीत परवानाधारक मार्गदर्शकाबरोबरच जाता येते. तिथे पुरलेल्यांच्या कुटुंबीयांना वेगळी परवानगी मिळते. भिंत आता पांढरी आहे आणि फुल्या पुसलेल्या आहेत.